दहापैकी सहा, आणि सव्वाचार वर्षांचं मौन

२००७च्या नोव्हेंबरात गेमस्पॉट ही व्हिडिओ गेमच्या रिव्ह्यूंची साइट उघडली की मजकुराच्या आधी जाहिरात डोळ्यांत भरायची. पानाच्या दोन्ही बाजूंना, मजकुराच्या मागे, जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे एकच गेम पसरलेला होता: 'केन अँड लिंच: डेड मेन'. अशा जाहिरातीला या धंद्यात 'स्किन' म्हणतात. चौकटीतल्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करता येतं, स्किनकडे करता येत नाही. अख्खं पानच जाहिरातदाराचे कपडे घालून समोर येतं. त्याच साइटवर, मजकुराच्या जागी, त्याच गेमचा रिव्ह्यू होता. गुण दहापैकी ६.०.

रिव्ह्यू लिहिला होता जेफ गर्स्टमन यांनी. ते साइटचे संपादकीय संचालक होते आणि साइट सुरू झाली त्याच वर्षापासून, १९९६पासून, तिथे काम करत होते. गेम अमेरिकेत बाजारात आला १३ नोव्हेंबरला. २८ नोव्हेंबरला गर्स्टमन यांना कामावरून काढलं.

मधले दिवस पंधरा.

गेमविषयक पत्रकारितेत नीतीचे वाद अनेकदा झाले, पण नीट बसून अभ्यासावं असं प्रकरण मला हेच वाटतं. इथे कुणी पाकीट घेतल्याचा आरोप नाही. खोटा गुण छापला गेला नाही आणि छापलेला गुण मागाहून बदललाही नाही. तरीही वाचकांचा विश्वास गेला, आणि तो कुठल्या पायरीवर निसटला हे इथे स्पष्ट दिसतं. म्हणूनच मला हे प्रकरण कुठल्याही उघड लाचखोरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पोळी कुणाची

आधी पैशाची वाट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

दैनिकात एखाद्या नाटकाचं परीक्षण कडक आलं तर निर्माता चिडेल, फार तर जाहिरात बंद करेल. दैनिकाला गाड्यांच्या, बँकांच्या, साबणांच्या जाहिराती मिळतच असतात. गेमच्या साइटचं तसं नसतं. तिच्याकडे येणारा वाचक गेम विकत घेणारा असतो, त्यामुळे त्या वाचकासाठी सर्वांत जास्त पैसे मोजायला तयार असतात ते गेम काढणारे पब्लिशर. ज्यांच्या मालाची पारख करायची तेच साइटचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक.

त्यात वेळेचा भाग येतो. मोठे गेम वर्षअखेरीच्या खरेदीच्या हंगामात येतात आणि त्यांची विक्री पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेली असते. पब्लिशर जाहिरातीची जागा घेतो ती याच आठवड्यांसाठी. रिव्ह्यूही याच आठवड्यात येतो. म्हणजे जाहिरात आणि रिव्ह्यू एकाच वेळी समोरासमोर येणं हा योगायोग नसतो, धंद्याची रचनाच तशी आहे. गेमस्पॉटवर त्या नोव्हेंबरात जे दिसलं ते एरवीही दिसत असे. त्या वेळी फक्त स्किन मोठी होती आणि गुण लहान.

आणखी एक गोष्ट वाचकाला सहसा दिसत नाही. गेम दुकानात येण्याआधी समीक्षकाला खेळायला मिळतो तो पब्लिशरने पाठवला म्हणून. कुठल्या तारखेआधी काही छापायचं नाही, ही अट म्हणजे एम्बार्गो, तीही त्यांचीच. प्रीव्ह्यू, स्टुडिओची भेट, मुलाखत, ट्रेलर आधी दाखवण्याचा हक्क, सगळं त्यांच्या हातात. पैसा नसला तरी हा मिंधेपणा असतोच.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं आपण म्हणतो. गेमस्पॉटची किंमत ती टाळी न वाजवण्यात होती. यासाठी अशा प्रकाशनांमध्ये एक भिंत असते. जाहिरात विकणाऱ्यांनी कोणत्या गेमला किती गुण पडणार हे विचारायचं नाही, आणि लिहिणाऱ्यांनी कोणाची जाहिरात लागली आहे याचा विचार करायचा नाही. पब्लिशरचा रागाचा फोन आलाच तर तो व्यवसाय सांभाळणाऱ्याने घ्यायचा, ऐकून घ्यायचं, आणि लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत तो राग पोचू द्यायचा नाही. ही भिंत कागदावर कमी आणि माणसांच्या सवयीत जास्त असते. माणसं बदलली की ती किती पक्की होती हे कळतं.

गेमस्पॉटची मालकी तेव्हा सी-नेट नेटवर्क्स या कंपनीकडे होती. गेमचा पब्लिशर होता आयडॉस आणि तो बनवला होता डेन्मार्कमधल्या आयओ इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने.

आधीच्या वर्षीचे ८.८

गर्स्टमन गुण देताना हात आखडता घेणारे होते असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो. २००१मध्ये 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ३' या गेमला त्यांनी दहापैकी दहा दिले होते. आवडलं तर पूर्ण माप घालणारा हा समीक्षक.

पण नोव्हेंबर २००६मध्ये 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेमला त्यांनी ८.८ दिले आणि चाहते खवळले. बाकीच्या प्रकाशनांचे गुण इतके वर होते की मेटाक्रिटिक या सगळ्या रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर 'वी' या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, आवृत्तीची सरासरी ९५ आहे. ८.८ हा आकडाच पुढे टोमणा म्हणून फिरू लागला. गंमत वाटावी असं काही त्यात नव्हतं; लोक खरोखर चिडले होते, ज्या गेमची वर्षानुवर्षं वाट पाहिली त्याला नऊ का नाहीत म्हणून.

ही आठवण इथे लागते, कारण समीक्षकावर दाब एकाच बाजूने येत नाही. पब्लिशरला चांगला गुण हवा असतो आणि चाहत्यालाही हवा असतो. दोघांनाही आपण केलेला खर्च बरोबर होता हे ऐकायचं असतं. पण चाहत्यांचा राग आला तेव्हा गर्स्टमन यांची खुर्ची हलली नाही. वर्षभरानंतर त्यांना काढलं तेव्हा ज्या वाचकवर्गाने ८.८वरून त्यांना धारेवर धरलं होतं, त्याच वाचकवर्गातून त्यांच्या बाजूने आवाज उठला. वाचक समीक्षकाशी भांडतो, ते त्याचं मत त्याचं स्वतःचं आहे असं धरून. विश्वास म्हणतात तो हाच.

२००७च्या मध्यावर साइटने गुणांची पद्धत बदलली. आधी एक-दशांशाच्या पायऱ्या होत्या, आता अर्ध्या गुणाच्या झाल्या. ६.०चा अर्थ साइटच्याच शब्दांत 'ठीकठाक'.

पंधरा दिवस

'केन अँड लिंच'मध्ये दोन गुन्हेगार आहेत, एक फाशीच्या वाटेवरचा भाडोत्री सैनिक आणि एक मानसिक तोल ढळलेला. गर्स्टमन यांच्या तक्रारी रोजच्या समीक्षेतल्याच होत्या. सोबतची संगणकी माणसं धड साथ देत नाहीत, नेमबाजी नीट जमत नाही, गोष्टीत जीव लावावा असं कुणी नाही. मल्टिप्लेअरमधल्या, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या भागातल्या, 'फ्रॅजाइल अलायन्स' या प्रकाराची कल्पना त्यांना आवडली होती. त्यात खेळाडू मिळून दरोडा घालतात आणि कोणीही ऐनवेळी साथीदाराला मारून त्याचा वाटा घेऊ शकतो.

हा रिव्ह्यू एकांगी होता का? मेटाक्रिटिकवर गेमची सरासरी साठ ते सत्तरच्या मध्यावर आहे. म्हणजे दहापैकी सहा हा गुण इतरांच्या आसपासच होता. दुसरीकडे गेमच्या प्रचाराच्या साइटवर पूर्ण पाच तारे झळकत होते आणि ते ज्या प्रकाशनांच्या नावाने होते त्यांनी रिव्ह्यूमध्ये तितके दिलेच नव्हते.

२८ नोव्हेंबरला गर्स्टमन यांना काढलं ही बातमी कंपनीने वाचकांना सांगितली नाही. ती पसरली 'पेनी आर्केड' या गेमविषयक वेब-कॉमिकमधून आणि मग सगळीकडून. लोक रिव्ह्यू बघायला धावले, तर व्हिडिओ रिव्ह्यू काढून टाकलेला होता. लेखी रिव्ह्यूच्या मजकुरात बदल झालेला होता. पार्श्वभूमीला कोणाची स्किन होती ते सगळ्यांनी पाहिलेलंच होतं.

तिथून पुढे वाचकाच्या डोक्यात काय झालं असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जाहिरात, कमी गुण, नोकरी गेली, व्हिडिओ गायब. चार ठिपके एका रेषेत होते.

सॅन फ्रान्सिस्कोत सी-नेटच्या कार्यालयाबाहेर १यूपी या स्पर्धक साइटवरचे लोक फलक घेऊन उभे राहिले. एरवी एकमेकांच्या आधी बातमी लावायला धडपडणारे हे लोक. साइटची सशुल्क सदस्यत्वं रद्द करतोय असं अनेक वाचकांनी जाहीर केलं.

कंपनीचं म्हणणं, आणि त्यातलं वजन

कंपनीचं म्हणणं काय होतं ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. सी-नेटने सांगितलं की बाहेरच्या जाहिरातदाराच्या दबावाखाली आम्ही कुणाला काढत नाही. जाहिरातींचा परिणाम मजकुरावर आम्ही कधी होऊ दिलेला नाही. लेखी रिव्ह्यू बदलला तो दोन कन्सोलवरच्या आवृत्त्यांमधले फरक नोंदवायला आणि मल्टिप्लेअरबद्दल खुलासा करायला. गुण तोच ठेवला. व्हिडिओ काढला तो आवाजाचा दर्जा आणि त्यातली दृश्यं अपुरी असल्यामुळे. गर्स्टमन का गेले हे कायद्याच्या आणि कंपनीच्या धोरणाच्या मर्यादेमुळे सांगता येत नाही.

यातलं एकेक विधान सुटं घेतलं तर कुठल्याही संपादकीय विभागात घडणारी गोष्ट आहे. रिव्ह्यूत चूक राहते, दुरुस्ती होते. खराब आवाजाचा व्हिडिओ काढला जातो. कर्मचाऱ्याला काढल्याचं कारण चव्हाट्यावर न मांडणं हे तर त्या कर्मचाऱ्याच्या हिताचंही असू शकतं. हे सगळं मला मान्य आहे.

पण विश्वास सुट्या विधानांवर उभा राहत नाही. काढून टाकलेल्या लेखकाचा मजकूर बदलायचा असेल तर तो बदल त्याच्या माघारी होतो, हे वाचकाला दिसतं. व्हिडिओच्या आवाजात दोष होता तर तो चढवण्याआधी कुणाच्याच कानाला का लागला नाही? आणि दोष होताच, तर 'आवाज खराब आहे, तरी मूळ रिव्ह्यू जसाच्या तसा ठेवत आहोत' अशी एक ओळ लिहून तो राहू देता आला असता. ज्या दिवशी संशय सर्वांत जास्त होता त्याच दिवशी पुरावा डोळ्यांआड केला गेला. कारण खरं असेलही, पण ते तपासायचं साधन वाचकाच्या हातातून गेलं.

मला सर्वांत खटकतं ते 'सांगता येत नाही' हे वाक्य. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण याच कंपनीचा माल म्हणजे 'आम्ही सांगतो त्यावर विश्वास ठेवा' हा होता. नाव, चेहरा, आवाज असलेली माणसं रोज समोर येऊन मत देत होती आणि लोक त्यांच्यासाठीच येत होते. अशा ठिकाणी एक माणूस एका दिवसात नाहीसा होतो आणि मागे राहतं ते कायदा विभागाने तपासलेलं निवेदन. वाचकाला त्यात पाणी मुरतंय असं वाटलं तर दोष वाचकाचा नव्हे.

मौन

गर्स्टमन यांनाही बोलता येत नव्हतं. नोकरी सोडताना झालेल्या करारात वाच्यता न करण्याची अट होती. म्हणजे ज्याला कारण माहीत आहे तो बोलू शकत नाही, ज्याने निर्णय घेतला तो बोलत नाही, आणि आत राहिलेल्या सहकाऱ्यांना रोज त्याच साइटवर रिव्ह्यू लिहायचे आहेत.

या सहकाऱ्यांची अवस्था मला या प्रकरणात सर्वांत वाईट वाटते. कल्पना करा, डिसेंबरात तुम्हाला एक गेम मनापासून आवडला आणि तुम्ही नऊ गुण दिले. वाचक म्हणणार, विकले गेले. एखाद्याला पाच दिले तर म्हणणार, आता हा किती दिवस टिकतो बघू. मत चांगलं असो की वाईट, ते आता तुमचं राहिलेलं नाही. त्यांच्यापैकी कुणी काहीच चुकीचं केलं नव्हतं. एका निर्णयाने त्यांच्या पुढच्याच काय, मागच्या दहा वर्षांच्या गुणांवरही प्रश्नचिन्ह लागलं. विश्वासाचं नुकसान असं मागे जातं. ते पुढच्या तारखेपासून लागू होत नाही.

पुढच्या काही महिन्यांत अॅलेक्स नवारो, रायन डेव्हिस, ब्रॅड शूमेकर, व्हिनी काराव्हेला असे एकेक जण बाहेर पडले. गर्स्टमन आणि डेव्हिस यांनी २००८मध्ये जायंट बॉम्ब ही साइट सुरू केली. तिला आधार दिला व्हिस्की मीडिया या कंपनीने, आणि ती उभारणारे शेल्बी बॉनी हे सी-नेटच्याच संस्थापकांपैकी एक. २०१०मध्ये तिथे सशुल्क सदस्यत्व आलं, वर्षाला ५० डॉलर. जाहिरातदाराशिवाय दुसऱ्या कुणाचीतरी पोळी असावी हा विचार त्यात होता. ते पैसे भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना २००७चा नोव्हेंबर आठवत असणार.

कुलूप उघडलं तेव्हा

सी-नेट २००८मध्ये सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीने १.८ अब्ज डॉलरला विकत घेतलं होतं. मार्च २०१२मध्ये सीबीएस इंटरॅक्टिव्हने जायंट बॉम्बही घेतलं. म्हणजे गर्स्टमन फिरून त्याच छत्राखाली आले, आणि या व्यवहाराचा भाग म्हणून त्यांच्या तोंडावरची अट उठली. गेमस्पॉटच्याच कार्यक्रमात, कॅमेऱ्यासमोर, त्यांनी पहिल्यांदा काय घडलं ते सांगितलं.

त्यांनी सांगितलेली हकीकत अफवांपेक्षा साधी होती. एका रिव्ह्यूवरून एका दिवसात सगळं घडलं असं त्यांनी म्हटलं नाही. त्या हंगामात 'रॅचेट अँड क्लँक फ्युचर: टूल्स ऑफ डिस्ट्रक्शन' या गेमला साइटने ७.५ दिले होते. ते गुण त्यांनी दिलेले नव्हते, पण विभागप्रमुख म्हणून त्यावरूनही त्यांच्याशी बोलणं झालं होतं. कमी गुणांनंतर पब्लिशर जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या देत. हे नवं नव्हतं. नवी होती ती व्यवसाय बघणारी माणसं. हा ताण आधीच्या लोकांना ठाऊक होता आणि ते तो झेलत. नव्यांना त्याची सवय नव्हती. एवढा पैसा दारातून निघून जाताना दिसला आणि ते डगमगले.

ही एका बाजूची हकीकत आहे हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण ती कंपनीच्याच मालकीच्या व्यासपीठावरून, कंपनीच्या संमतीने सांगितली गेली, हेही तितकंच खरं.

मी ही हकीकत जितक्यांदा ऐकली तितक्यांदा मला तीतला सामान्यपणा अस्वस्थ करून गेला. कुणी खलनायक लागला नाही. धमकी ही त्या धंद्यातली नेहमीची गोष्ट होती. भिंतीच्या जाहिरातीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांना भिंत कशासाठी आहे हे कुणी शिकवलं नव्हतं, इतकंच. आणि गर्स्टमन यांची जागाही नाजूक होती. ते रिव्ह्यू लिहीत होते आणि त्याच वेळी विभागप्रमुख होते. लिहिणाऱ्याकडे येणारा राग ज्याने अडवायचा तोच लिहिणारा असेल, तर मधे कुणी उरत नाही. संपादकाच्या रिव्ह्यूवर तक्रार आली की ती थेट संपादकाच्या वरच्यांकडे, म्हणजे हिशेब बघणाऱ्यांकडे जाते.

कुठे वळता आलं असतं

पब्लिशरने तक्रार करणं गैर नाही. रिव्ह्यूत तथ्याची चूक असेल तर ती दाखवण्याचा त्याला हक्क आहे. अशी तक्रार लेखी घ्यायची, तथ्य चुकलं असेल तर लेखकाकडूनच दुरुस्ती करून घ्यायची आणि काय बदललं ते रिव्ह्यूच्या माथ्यावर तारखेसह लिहायचं. मताबद्दलच्या तक्रारीला एकच उत्तर असतं, की मत लेखकाचं आहे. जाहिरात काढून घेण्याची धमकी आली तर तिचीही नोंद व्हायला हवी आणि ती संपादकीय बाजूच्या अशा माणसाकडे असावी ज्याला जाहिरात विभाग हात लावू शकत नाही.

समजा, कंपनीला गर्स्टमन यांच्या कामाबद्दल खरोखरच वेगळ्या तक्रारी होत्या. तरी त्या पंधरवड्यात हा निर्णय घेणं ही व्यवस्थापनाची गंभीर चूक होती असंच मी म्हणेन. जाहिरात चालू आहे, त्याच जाहिरातदाराच्या गेमला कमी गुण पडले आहेत, आणि लेखकाला काढायचं आहे: हे तीन एकत्र आले की थांबायचं. मोहीम संपू द्यायची, निर्णय जाहिरातीशी संबंध नसलेल्या लोकांकडे द्यायचा, आणि काढायचंच असेल तर त्याला स्वतःच्या तोंडाने वाचकांचा निरोप घेऊ द्यायचा. वाच्यता न करण्याची अट तर पत्रकाराच्या करारात, निदान संपादकीय दबावाच्या बाबतीत, असूच नये. त्या अटीने कंपनीचं रक्षण झालं नाही. सव्वाचार वर्षं प्रत्येकाने आपल्या मनातली सर्वांत वाईट गोष्ट खरी धरली, आणि ती खोडायला कुणी जागेवर नव्हतं.

त्याच घरात पुन्हा

हे एका साइटचं दुर्दैव होतं असं मानणाऱ्यांसाठी २०१३चा जानेवारी आहे. लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात सर्वोत्तम उपकरण निवडण्याचं काम सी-नेटकडे होतं. त्यांच्या संपादकांनी डिश कंपनीचा 'हॉपर' हा व्हिडिओ रेकॉर्डर निवडला. तो टीव्हीवरच्या जाहिराती गाळून दाखवू शकत होता, आणि त्यावरून मालक कंपनी सीबीएसचा डिशशी खटला चालू होता. वरून आदेश आला आणि हॉपर स्पर्धेतून काढला गेला. तो आधीच विजेता ठरला होता हे वाचकांना सांगितलं गेलं नाही. ते दुसऱ्या प्रकाशनाने उघड केलं. सी-नेटचे एक वार्ताहर, ग्रेग सँडोव्हल, यांनी राजीनामा दिला. प्रदर्शन भरवणाऱ्या संघटनेने सी-नेटशी संबंध तोडला आणि हॉपरला सहविजेता जाहीर केलं.

गेमस्पॉट, सी-नेट आणि त्याच छताखाली फिरून आलेले गर्स्टमन: पहिला धडा तोवर सर्वांना पाठ असायला हवा होता.

पुढे दबावाने घेतलेली रूपं

आता स्किनची फारशी गरज राहिलेली नाही. २०१५मध्ये कोटाकू या गेमविषयक साइटने जाहीरपणे लिहिलं की न प्रसिद्ध झालेल्या गेमच्या बातम्या दिल्यामुळे बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या दोन मोठ्या पब्लिशरनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं आहे. २०१६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्सबरोबर एक प्रकरण मिटवलं, त्यात 'मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर'ची वाहवा करणाऱ्या यूट्यूबर्सना पैसे दिल्याचं प्रेक्षकांना पुरेसं सांगितलं नव्हतं. २०२०च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा आधी समीक्षकांना फक्त संगणकाची आवृत्ती मिळाली होती आणि स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. जुन्या कन्सोलवरचा गेम किती मोडका आहे हे लोकांना पैसे भरल्यावर कळलं; आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उतरवला. इथे कुणा समीक्षकाने खोटं लिहिलं नाही. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं.

२०१४मध्ये 'गेम-पत्रकारितेतली नीती' हे शब्द घेऊन 'गेमरगेट' नावाची एक मोहीम उभी राहिली, आणि तिने धमक्या दिल्या त्या गेम बनवणाऱ्या आणि गेमवर लिहिणाऱ्या बायकांना. ज्या रिव्ह्यूवरून ओरड सुरू झाली तो लिहिलाच गेला नव्हता. मला याचा मनापासून राग आहे. २००७मध्ये खऱ्या पैशाने खऱ्या माणसाची नोकरी गेली होती, आणि तेव्हाचा खरा प्रश्न होता की जाहिरातीचं बिल कोण भरतं आणि संपादकाच्या वर कोण बसतं. तो प्रश्न विचारायला हिशेबाच्या वह्या उघडायला लागतात, आणि त्या मोहिमेला वह्यांत काडीचाही रस नव्हता. आज नीतीचं नाव काढलं की भले लोकही बिचकतात, ते त्या वर्षामुळे.

नंतर

जायंट बॉम्ब पुढे अनेक मालकांच्या हातून फिरलं. मे २०२५मध्ये ते तिथे काम करणाऱ्यांनीच विकत घेतलं. गर्स्टमन २०२२मध्येच तिथून निघाले होते. तेव्हापासून ते एकट्याने कार्यक्रम करतात, ऐकणाऱ्यांच्या थेट वर्गणीवर. 'केन अँड लिंच'चा दुसरा भाग २०१० साली आला, तोवर आयडॉस स्क्वेअर एनिक्सच्या मालकीचं झालं होतं. पहिल्या भागाला गेमस्पॉटने दिलेले ६.० मात्र कुणी बदलले नाहीत.